मचूळ पाण्यातल्या भांडखोर सिचलिडला सोबती कोण द्यायचे

"दादा, सिचलिड लई मारामाऱ्या करायलेत, सोबत अजून कुठला मासा टाकू?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच, आणि मी उलट विचारतो की पाण्यात मीठ किती आहे, तर पलीकडं एकदम शांतता. मग हळूहळू कळतं की दुकानदारानं सांगितलं म्हणून दर रविवारी मूठभर खडेमीठ टाकतात, टाकी किती लिटरची ते माहीत नाही, मासा नक्की कुठला ते पण माहीत नाही, फक्त "पिवळा आहे आणि दुसऱ्याला मारतो" एवढंच. अशा टाकीला मी काय डोंबलाचा सोबती सुचवणार.

म्हणून एकदाच सगळं क्रमानं लिहून ठेवतोय, नवीन लोकांसाठी. माझं म्हणणं असं आहे की सोबती निवडताना स्वभाव सगळ्यात शेवटी बघायचा. आधी मीठ, मग तोंड, मग जागा आणि मग स्वभाव. लोक बरोबर उलटं करतात, "हा पण तगडा, तो पण तगडा, दोघं एकमेकांना पुरून उरतील" म्हणून गोड्या पाण्यातला पैलवान खाऱ्या पाण्यात आणून सोडतात आणि तो पैलवान दोन महिन्यांत मलूल होऊन मार खातो.

पहिलं काम, मासा ओळखा

सिचलिड हे काय एका माशाचं नाव नाही, भलं मोठं खानदान आहे, दीड हजाराच्या वर जाती. त्यातल्या बहुतेक सगळ्या गोड्या पाण्यातल्या. भारतात मूळचे सिचलिड तर तीनच. एक ग्रीन क्रोमाइड, म्हणजे केरळचा करिमीन, २०१० साली केरळनं त्याला राज्याचा मासा ठरवलं, गोव्याकडं त्यालाच कालुंदर म्हणतात. दुसरा ऑरेंज क्रोमाइड, छोटा, पिवळा-केशरी, जेमतेम तीन इंच. तिसरा कर्नाटकातल्या नद्यांमधला कॅनरा पर्लस्पॉट, तो गोड्या पाण्यातला आहे आणि दुर्मिळ आहे, त्याला नदीतच राहू द्या. पहिले दोन मात्र खाडीच्या, बॅकवॉटरच्या पाण्यातले, म्हणजे मचूळ पाण्याची टाकी करायची असेल तर आपल्याच देशात दोन फर्स्टक्लास मासे आहेत आणि लोक बँकॉकच्या माशांच्या मागं लागतात, काय म्हणायचं.

चौथा एक आहे, तो मूळचा आपला नाही पण सोलापूरकराला त्याची ओळख करून द्यायची गरज नाही. चिलापी. उजनीचा चिलापी, जो आपण तळून खातो, तो तिलापिया पण सिचलिडच. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला आणि आता कुठल्या धरणात नाही ते विचारा. हा गडी गोड्या पाण्यात राहतो, मचूळ पाण्यात राहतो, वेळ आली तर समुद्राच्या पाण्यात पण तगतो. नर जागा धरला की खड्डा खणतो आणि त्या खड्ड्याजवळ कोणी आलं की संपलं. कोणी हौसेनं जिवंत आणून टाकीत ठेवला असेल तर एकटा ठेवा, सोबतीचा विषयच काढू नका.

आता ज्यांना दुकानात "मिठाचे सिचलिड" म्हणून विकतात पण जे मचूळ पाण्याचे नाहीत ते सांगतो. फ्लॉवरहॉर्न हा माणसानं तयार केलेला संकर आहे, गोड्या पाण्यातला. त्याच्या टाकीत लोक मीठ टाकतात ते औषध म्हणून, त्याचा आणि मचूळ पाण्याचा काही संबंध नाही. ऑस्कर, कन्व्हिक्ट, जॅक डेम्प्सी हे पण गोडेच. आणि ते निळे-पिवळे आफ्रिकन, ते मलावी सरोवरातले. मलावीचं पाणी जड आणि अल्कलाइन आहे पण खारट नाही, तिथला मासा सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात मजेत राहील पण समुद्री मिठाच्या पाण्यात त्याला ठेवायचं काही कारण नाही. यातला कुठला मासा तुमच्याकडं असेल तर मीठ बंद करा आणि हा लेख इथंच सोडला तरी चालेल.

मायन सिचलिड नावाचा एक मध्य अमेरिकेतला मासा खरोखर मचूळ पाण्यात राहतो आणि खरोखर गुंड आहे, फूटभर होतो. आपल्याकडं क्वचित दिसतो, दिसला तरी घेऊ नका एवढंच सांगेन.

मचूळ म्हणजे किती मचूळ

आपल्याकडं कोणी "बोअरचं पाणी मचूळ लागतंय" म्हणालं की लोकांना वाटतं झालं, हेच ब्रॅकिश, म्हणजे खाडीत गोडं आणि समुद्राचं पाणी मिसळून होतं तसलं. नाही. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, १४०० च्या आसपास येतो आणि चहा त्यात फाटल्यासारखा लागतो, पण क्रोमाइडच्या टाकीला लागणारं पाणी म्हणजे ७००० च्या वर. शिवाय बोअरच्या पाण्यात जे विरघळलेलं असतं ते जमिनीतलं, त्याचं प्रमाण समुद्राच्या मिठासारखं नसतं. तरी बोअरच्या जड पाण्याचा एक फायदा आहे, पीएच पटकन खाली घसरत नाही, आणि या माशांना पीएच साधारण ७.८ ते ८.३ असाच लागतो. म्हणजे आरओचं पाणी वापरून उगाच पैसे घालवू नका.

मीठ मोजायचं ते स्पेसिफिक ग्रॅव्हिटीत, म्हणजे गोड्या पाण्याच्या मानानं आपलं पाणी किती जड. गोडं पाणी १.०००, समुद्र १.०२५ च्या आसपास, आणि आपली टाकी १.००५ ते १.०१०. यासाठी हायड्रोमीटर किंवा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा लागतो, दुसरा इलाज नाही. एका मित्रानं घरचा दुधाचा लॅक्टोमीटर बुडवून बघितला होता, त्याच्यावर डब्ल्यू आणि एम अशा दोनच खुणा, म्हणे "आपली टाकी डब्ल्यू दाखवायली". हुशारी चांगली आहे पण त्यानं माशाचं भागत नाही. काचेचा हायड्रोमीटर असेल तर एक लक्षात ठेवा, मे महिन्यात पाणी ३२ डिग्रीला असताना तो खऱ्यापेक्षा थोडं कमी दाखवतो, त्यामुळं रीडिंग कमी आलं म्हणून लगेच मीठ ओतायला जाऊ नका.

मीठ खायचं नाही, खडेमीठ पण नाही, मरीन सॉल्टच. महाग आहे, आयोडीनच्या पुड्याच्या कितीतरी पट, मान्य. पण साध्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड असतं आणि मरीन सॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट सगळं असतं, पीएच त्याच्यावरच टिकतो. लिटरला साधारण ८-९ ग्रॅम टाकलं की १.००५ च्या जवळ जातं, म्हणजे शंभर लिटरला पाऊण ते एक किलोच्या मधे. वेगळ्या ड्रममध्ये, एअर पंप लावून, आदल्या दिवशी विरघळवायचं आणि मोजून मगच टाकीत. माशांच्या डोक्यावर कोरडं मीठ कधीही टाकायचं नाही.

टाकीचं गणित

एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. तुमची टाकी ३ बाय दीड बाय दीड असेल तर पावणेसात घनफूट, म्हणजे १९० लिटर, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की खरं पाणी १६० धरा. हे माप ऑरेंज क्रोमाइडच्या ग्रुपला पुरतं. ग्रीन क्रोमाइडला पुरत नाही, तो आरामात सात-आठ इंच होतो, त्याच्या ग्रुपला पाच-सहा फुटी टाकी लागते. आणि ६ बाय २ बाय २ ची टाकी म्हणजे ६८० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच ६८० किलो, काच-दगड-स्टँड वेगळं. जुन्या घराच्या माडीवर ठेवायच्या आधी खालच्या भिंती कुठून कुठं जातात ते बघा, शहाबादी फरशीवर मधोमध नको.

लोखंडी स्टँड असेल तर दोन हात जास्त रंग मारून घ्या, खारं पाणी थेंबाथेंबानं गळून स्टँड आतून पोखरतं, झाकणाच्या कडेला मिठाचा पांढरा थर साचतो आणि ट्यूबच्या होल्डरपर्यंत जातो. वायर टाकीतून सरळ बोर्डाकडं न नेता मधे खाली झोळ देऊन न्यायची, म्हणजे पाणी ओघळलं तर झोळाच्या तळाशी गळतं, बोर्डात जात नाही. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर मासे नंतर, आधी वायरमन.

दगड आपल्याकडचा काळा बसाल्ट चांगला, खाणीजवळ फुकट मिळतो, पाण्याला काही करत नाही. घासून धुऊन घ्या. गुहा भरपूर करा, पण प्रत्येक गुहेला दोन तोंडं हवीत, एकाच तोंडाची गुहा म्हणजे मार खाणाऱ्या माशासाठी पिंजरा होतो. खाली शिंपल्याचा चुरा किंवा कोरलचा चुरा मिसळा. झाडांचा विचार करत असाल तर ग्रीन क्रोमाइड त्याची कोशिंबीर करून खाईल.

आणि टाकी भरल्या भरल्या मासे आणायचे नाहीत. फिल्टर चालू करून, रोज चिमूटभर खाद्य कुजवून, चार ते सहा आठवडे, अमोनिया आणि नायट्राइट (घाण कुजून पाण्यात तयार होणारी विषं) दोन्ही शून्य येईपर्यंत. हे गोड्या पाण्यात पण करायचंच असतं पण इथं जास्त महत्त्वाचं आहे कारण पीएच जितका वर आणि पाणी जितकं गरम तितका तोच अमोनिया जास्त विषारी. आपल्या पाण्याचा पीएच ८ च्या वर आणि आपल्या गावाचा उन्हाळा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. टेस्ट किट घ्या. नळाचं पाणी वापरत असाल तर क्लोरीन मारायला हायपो.

आता सोबती, चार चाळण्या

पहिली चाळण मीठ. जो मासा १.००५ ते १.०१० मध्ये कायमचा, वर्षानुवर्षं राहू शकत नाही तो बाद, मग तो कितीही तगडा असो. यात टिनफॉइल बार्ब, सिल्व्हर शार्क, लोच, टेट्रा, गोल्डफिश, ऑस्कर सगळे गेले. "सकर टाकला तर काच साफ करेल" असं प्रत्येक जण म्हणतो, सकर काही दिवस तग धरेल पण ते त्याचं घर नाही. काच आठवड्यातून एकदा स्वतः पुसा.

दुसरी चाळण तोंड. जे तोंडात मावतं ते खाद्य. सिचलिडच्याच तोंडाचा विचार नाही करायचा, सोबत्याच्या पण. आर्चर फिश दिसायला सडपातळ, पण तोंड केवढं उघडतं ते एकदा बघा, दोन इंची ऑरेंज क्रोमाइड त्याच्यासमोर ठेवायचा नाही. बंबलबी गोबी दिसायला गोड, इंच-दीड इंचाचे, पण मोठ्या सिचलिडसमोर एकतर गिळले जातात किंवा घाबरून कोपऱ्यात उपाशी मरतात.

तिसरी चाळण मजला. टाकीला तीन मजले समजा. तळाशी क्रोमाइडचा दावा असतो, अंडी दगडावर घालतात म्हणून. त्यामुळं सोबती शक्यतो मधल्या आणि वरच्या मजल्यावरचे घ्यायचे. याचा अजून एक फायदा आहे जो मला फार उशिरा कळला. वर बिनधास्त फिरणारे मासे दिसले की खालचे दबकलेले मासे पण बाहेर येतात, त्यांना वाटतं वरचे पळत नाहीत म्हणजे धोका नाही. ग्रीन क्रोमाइड तर इतका भित्रा की एकटा ठेवला तर दिवसभर पंपामागं, आणि सोबतीला वरती चार-पाच मासे फिरायला लागले की दोन दिवसांत समोर येऊन खायला मागतो.

चौथी चाळण स्वभाव, आणि यात आकार-रंग पण आला. सिचलिडला सगळ्यात जास्त राग येतो तो आपल्यासारखा दिसणाऱ्याचा. म्हणून एका टाकीत दोन वेगवेगळे, पण एकाच अंगाचे सिचलिड ठेवण्यापेक्षा पूर्ण वेगळ्या घडणीचा मासा चांगला.

कोण पास, कोण नापास

मॉली. लोक हिला फुकटची मच्छी समजतात पण ही बाई समुद्राच्या पाण्यात पण राहते. ऑरेंज क्रोमाइडसोबत सगळ्यात सोपी जोडी. चपळ आहे, वरच्या मजल्यावर असते, पिल्लं घालत राहते आणि ती पिल्लं क्रोमाइड खातात, वाईट वाटतं पण तसंच असतं. सेलफिन मॉली मोठी होते, ती घ्या, फुग्यासारखी बलून मॉली घेऊ नका, तिला पळता येत नाही.

नाइट गोबी, तळाला बसणारा तीन इंची राखाडी मासा, अंगावर काळे ठिपके, चेहरा कायम चिडलेला. एक नर दोन माद्या ठेवा, दोन नर ठेवले तर तेच भांडतात. ऑरेंज क्रोमाइडसोबत चालतो कारण स्वतःचं बीळ स्वतः राखतो. पिल्लं मात्र खातो.

मोनो आणि स्कॅट, ग्रीन क्रोमाइडच्या मोठ्या टाकीसाठी. मोनो चंदेरी, त्रिकोणी, एकटा असला की झुरतो आणि दोन-तीन असले की त्यातला एक दुसऱ्याला छळतो, पाच घ्या. स्कॅट खादाड, पालक-वाटाणा काहीही खातो, घाण पण तेवढीच करतो, फिल्टर दुप्पट लागतो. त्याच्या पाठीच्या काट्याला विष असतं, जाळीतून काढताना हाताला लागला तर हात चांगला ठणकतो, पोरांना जाळी देऊ नका. दोघंही वय वाढेल तसं जास्त खारं पाणी मागतात, म्हणून यांच्यासोबत टाकी १.००५ वर न ठेवता १.०१० कडं न्यायची. क्रोमाइडला ते चालतं.

आर्चर, पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारा. पाणी झाकणाच्या चार-पाच इंच खाली ठेवावं लागतं आणि झाकण घट्ट. सारख्या मापाचे चार-पाच घ्यायचे, तरंगणारं खाद्य द्यायचं. घरातलं झुरळ पकडून देऊ नका, किचनमध्ये कधी कुठला स्प्रे मारलाय ते आपल्याला पण आठवत नाही.

नापास मध्ये पहिला नंबर ग्रीन स्पॉटेड पफर. वाटाण्यासारखे डोळे, हेलिकॉप्टरसारखा फिरतो, दुकानात बघितला की माणूस विरघळतो. मी पण विरघळलो होतो. दोन आणले, आठवड्याभरात आठ मॉलींच्या शेपट्या अर्ध्या, ऑरेंज क्रोमाइडचे फिन कातरल्यासारखे. त्याला राग येऊन चावत नाही तो, त्याला चावायचंच असतं. सिचलिडला दुसऱ्याला मारायचं असेल तर तो तोंड उघडून, पर पसरून आधी सांगतो तरी, पफर काहीच सांगत नाही. एकटा ठेवायचा मासा आहे.

व्हायोलेट गोबी उर्फ ड्रॅगन गोबी, दिसायला राक्षस, स्वभावानं गरीब, फूट-दीड फुटाचा होतो आणि तळातला गाळ चाळून खातो, क्रोमाइडसमोर उपाशी मरतो. निवटी पाण्याबाहेर बसते, तिची टाकीच वेगळी. शार्क म्हणून विकतात तो कोलंबियन शार्क कॅटफिश, फूटभर होतो, मोठेपणी समुद्राचंच पाणी मागतो आणि रात्री तोंडात मावेल ते गिळतो.

आणि ग्रीन आणि ऑरेंज क्रोमाइड एकमेकांसोबत? चालतात, मोठ्या टाकीत चांगलेच चालतात. निसर्गात ते एकत्रच असतात आणि ऑरेंज क्रोमाइड मोठ्या ग्रीनच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात, यावर अभ्यास पण झालेत. मी टाकीत हे दोनदाच बघितलंय, मोठा मासा एकदम स्तब्ध तिरका उभा राहतो आणि छोटा त्याच्या बाजूनं टिपत जातो, केसकर्तनालयात बसल्यासारखं. पण तोच ऑरेंज क्रोमाइड ग्रीनची अंडी आणि पिल्लं पण चोरून खातो, म्हणजे दोस्तीला मर्यादा आहे.

किती आणायचे, कुठल्या क्रमानं

दोन आणायचे नाहीत. "जोडी द्या" म्हणून दुकानातून दोन क्रोमाइड आणणं ही सगळ्यात कॉमन चूक, ती जोडी आहे का ते दुकानदाराला पण माहीत नसतं, आणि नसली तर एक मालक आणि एक गुलाम. तीन तर त्याहून वाईट, दोघांचं जमतं आणि तिसरा दिवसरात्र मार खातो. सहा लहान आणा, इंच-दीड इंचाचे. मार सहा जणांत वाटला जातो आणि जोडी त्यांची ते ठरवतात.

तीन फुटी टाकीला माझा आवडता मेळ म्हणजे सहा ऑरेंज क्रोमाइड, सहा-सात सेलफिन मॉली, तीन नाइट गोबी, पाणी १.००५. सहा फुटीला सहा ग्रीन क्रोमाइड, चार-पाच ऑरेंज, पाच मोनो, पाणी १.००८ ते १.०१०. स्कॅट घ्यायचा असेल तर मोनोऐवजी घ्या, मोनोवर अजून नाही.

क्रम असा की गरीब आधी, दादा शेवटी. मॉली पहिली, दोन आठवड्यांनी गोबी किंवा मोनो, आणि क्रोमाइड सगळ्यात शेवटी, म्हणजे तो आला तेव्हा घर आधीच दुसऱ्यांचं असतं. पण बहुतेकांच्या घरी दादा आधीच येऊन बसलेला असतो, मग काय करायचं? त्याला चार दिवस वेगळ्या टबमध्ये काढा, त्याच पाण्यात, स्पंज फिल्टर लावून. तेवढ्यात सगळे दगड हलवा, ओळखीची एक जागा ठेवू नका. नवीन मासे संध्याकाळी लाइट बंद करून सोडा, एक-एक करून नाही, सगळे एकदम. आणि दादाला शेवटी सोडा, पोट भरलेला असताना. पहिले दोन दिवस लाइट कमी आणि खाद्य टाकीच्या दोन टोकांना, म्हणजे एकाच माशाला दोन्हीकडं राखण करता येत नाही.

आपल्याकडं मासे कोलकात्याहून नाहीतर मुंबईच्या कुर्ल्याहून येतात आणि मधल्या सगळ्या दुकानांत ते गोड्या पाण्यात ठेवलेले असतात, मोनो-स्कॅट पण. म्हणून विचारा की पाण्यात मीठ आहे का, आणि उत्तर काहीही आलं तरी हायड्रोमीटर खिशात घेऊन जा, पिशवीतलं पाणी मोजा. घरी वेगळ्या टाकीत पिशवीतल्या पाण्याइतक्याच मिठावर सुरुवात करून, मोठ्या टाकीएवढं मीठ होईपर्यंत दर आठवड्याच्या पाणी बदलाला फार तर ०.००२ नं वर न्यायचं. या वेगळ्या टाकीचा कंटाळा करू नका.

भांडण आणि मारहाण यातला फरक

पर पसरून समोरासमोर उभं राहणं, शेपटी हलवणं, तोंडाला तोंड लावून ढकलाढकली, हे सगळं रोजचं आहे, बघत बसा, मजा घ्या. काळजी कधी करायची? एक मासा सतत वरच्या कोपऱ्यात हीटरमागं उभा, रंग काळवंडलेला किंवा उडालेला, खायला येत नाही, खवले उडालेत. असं दिसलं की उद्यावर टाकू नका, काढा. गंमत म्हणजे तो काढल्यावर मारणारा दुसरा कोणीतरी शोधतो, म्हणून बऱ्याचदा मार खाणाऱ्याला काढण्यापेक्षा मारणाऱ्याला चार दिवस बाहेर काढलेलं बरं.

सगळ्यात जास्त राडा होतो अंडी घातल्यावर. क्रोमाइडचे आई-बाप दोघं मिळून राखण करतात, आणि तीन इंचाचा ऑरेंज क्रोमाइड सात इंचाच्या माशाच्या अंगावर जातो. पिल्लं पोहायला लागली की आई-बापाच्या अंगाला चिकटून त्यांच्या अंगावरचा चिकट थर टिपून खातात, ढगासारखी सोबत फिरतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्री दीडपर्यंत खुर्ची टाकून बसलो होतो आणि सकाळी हुतात्मा एक्सप्रेस चुकवली. पण तेवढ्याच वेळात टाकीच्या दुसऱ्या टोकाला सगळे बाकीचे मासे एका वीतभर जागेत कोंबलेले होते. अशा वेळी मधे जाळीचा पडदा घालायचा, प्लॅस्टिकची जाळी काचेच्या मापानं कापून, दोन्ही बाजूंना दगड लावून. महिनाभर ठेवा. टाकी तीन फुटी असेल तर पडदा घालून पण दुसऱ्यांना जागा उरत नाही, मग जोडीच हलवा.

उन्हाळा आणि पाणी

हा भाग पुण्या-मुंबईच्या लोकांनी सांगितलेला उपयोगाचा नाही. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळं पाणी बदलायचा वार कॅलेंडर बघून नाही तर नळ बघून ठरतो. दोनशे लिटरचा निळा ड्रम टाकीसाठी वेगळा ठेवा, त्याला घरच्यांचा हात लागू देऊ नका.

मार्च ते जून टाकीतलं पाणी दिसता दिसता खाली जातं, हवा एवढी कोरडी की दिवसाला बोटभर. आता नीट वाचा, वाफ होऊन पाणी जातं, मीठ जात नाही. म्हणून रोजची भरपाई गोड्या पाण्यानं करायची. मी पहिल्या उन्हाळ्यात एक महिना मिठाचं पाणी भरत राहिलो, मनात म्हणत होतो की मचूळ टाकी आहे तर मचूळच पाणी घालायला पाहिजे, आणि एक दिवस मोजलं तर १.०१४. मॉली आणि क्रोमाइड ठीक होते, गोबी दोन गेले. काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवा, रेघेपर्यंत गोडं पाणी, आणि मीठ फक्त पाणी बदलताना.

कोरड्या हवेचा फायदा पण आहे. पाण्यावर तिरका छोटा फॅन लावला की दोन-तीन डिग्री आरामात उतरतात, मुंबईच्या दमट हवेत एवढं उतरत नाही. क्रोमाइडला २४ ते ३० चांगलं, ३२ पर्यंत ओढतात, त्याच्या वर सगळेच चिडचिडे होतात. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, खाऱ्यात अजून कमी, म्हणून उन्हाळ्यात एअर पंप दोन, त्यातला एक बॅटरीवरचा. लाइट दुपारी दोनला जाते आणि पाचला येते, हे तीन तास फिल्टरपेक्षा हवा महत्त्वाची. त्या काळात खाद्य पण निम्मं करा.

मासा मोठा झाला, सोबत जमलं नाही, ठेवायचा नाही असं ठरलं तर दुकानात परत द्या नाहीतर कोणा हौशी माणसाला द्या. सिद्धेश्वर तलावात, कंबर तलावात, उजनीत सोडायचा नाही, चिलापीनं काय केलंय ते आपण ताटात बघतोच. आणि पाणी बदलल्यावर निघालेलं पाणी मोरीत. साध्या टाकीचं पाणी झाडांना चांगलं म्हणून सवय झालेली असते, पण हे मिठाचं आहे. आईची अंगणातली तुळस माझ्या एका बादलीनं वाळली, तेव्हापासून मी बादली उचलली की ती स्वयंपाकघरातून ओरडते, "मोरीत!"